मागील वर्षाप्रमाणे

सरांना आधी वाटलं, छपाईत शाई उडाली असेल. म्हणून त्यांनी उजव्या करंगळीचं नख (एवढं एकच नख ते जुन्या कागदांच्या घड्या उलगडण्यासाठी वाढवत असत) त्या ठिपक्याखाली घातलं आणि हलकेच खरवडलं. ठिपका निघाला नाही. "सर, तो डाग नाहीये," विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "तो आपण आहोत."

टेबलावर जपानहून आलेला अहवाल उघडा पडला होता. परदेशी विद्यापीठांतील जपानविषयक संशोधनाचे प्रवाह, असं त्याचं नाव. गुळगुळीत कागद, वास नव्या चपलेच्या खोक्यासारखा. पान एकेचाळीसवर सगळ्या जगाचा आलेख होता. ॲनिमेची रेघ पानाबाहेर जायच्या बेतात होती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या यंत्रमानवांची रेघ तिच्या खालोखाल. जपानच्या घटत्या लोकसंख्येवरचं संशोधन जोमाने वाढत होतं. जुन्या काव्याची रेघ मात्र जिन्यावर पाय घसरलेल्या माणसासारखी खाली आली होती, आणि तिच्याही खाली, कोपऱ्यात, हा ठिपका. एका ठिपक्याची रेघ होत नाही, म्हणून तो तसाच उघडा ठेवला होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: हस्तलिखितांचे समाप्तिलेख, संशोधक विद्यार्थी, जपान वगळून जगभरात, एक.

"एक!" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी फुलला होता. बाईंची स्वतःची डॉक्टरेट जपानमधल्या गावोगावच्या सरकारी शुभंकर बाहुल्यांवर होती, आणि त्यांच्या हाताखाली एकतीस विद्यार्थी होते. पण बाहुल्यांवर सगळं जगच काम करत होतं, त्यामुळे एकतीसजणांचं कोणाला कौतुक नव्हतं. "पत्र आलंय, सर. नामशेष व्हायला आलेले विषय वाचवायची त्यांची योजना आहे. गुरुवारी दोघं येताहेत, या विद्यार्थिनीला भेटायला. तिला प्रत्यक्ष पाहिलं की पाच वर्षांचं अध्यासन आपल्या विभागाला. नाहीतर तुम्हाला माहीतच आहे."

सरांना माहीत होतं. नाहीतर येत्या जूनपासून विभाग 'भाषा, पर्यटन व आतिथ्य' या नव्या विभागात विलीन व्हायचा होता. बाईंनी आणि दोन हंगामी शिक्षकांनी तिथे प्रवाशांना नमस्कार कसा करावा ते शिकवायचं होतं, आणि सरांना तिथे जागा नव्हती.

"कुठे असते हो ती?" बाईंनी विचारलं. "मी इथे येऊन चार वर्षं झाली, एकदाही दिसली नाही."

"असते," सर म्हणाले. "पोथ्यांत असते."

हे उत्तर त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघालं की खोलीबाहेर आल्यावर ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. व्हरांड्यात मुलं येत-जात होती. कोणीतरी हळूच "गारठा, गारठा" म्हणालं आणि हसू दाबलं गेलं. हे नाव सरांना तीस वर्षांपूर्वी पडलं होतं, त्यांच्या एकुलत्या एक पुस्तकामुळे. जपानी पोथीची नक्कल उतरवून झाली की नकलकार शेवटी दोन-चार ओळी स्वतःच्या लिहीत असे. कधी, कोणासाठी, कशी उतरवली ते. हाच समाप्तिलेख. सरांना तरुणपणी अशी एक पोथी सापडली होती, आणि तिच्या शेवटी लिहिलं होतं: हात गारठले आहेत, दिव्यातलं तेल संपत आलं आहे, चुका झाल्या असतील त्या माझ्या, वाचणाऱ्याने हसू नये. या चार वाक्यांवर सरांनी तीनशे बारा पानं लिहिली. तो माणूस एकटा होता, त्याने ती पोथी एका हिवाळ्यात, बहुधा कोणाच्या तरी मृत्यूनंतर उतरवली, हे त्यांनी मांडलं. त्याला खोकला होता, हे पान एकशे त्रेपन्नवर सिद्ध केलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाचा हात सरांनी हातात घेतला होता आणि चोळून चोळून गरम केला होता. त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. सुचायची गरजही पडली नाही. लग्न झालं, बढती झाली, मुलगी शिकून दूर गेली. सगळं त्या गारठलेल्या हाताच्या भरवशावर.

आणि मग ती आली. पोथ्यांच्या शेवटांवरच काम करायचं म्हणाली, म्हणून मुलांनी तिला शेपूट म्हणायला सुरुवात केली. तिला ते आवडलं असावं. आपल्या चहाच्या कपावर तिने स्वतःच तसं लिहून टाकलं. तिची काम करायची तऱ्हा विचित्र होती. ती पोथी वाचण्याआधी मोजायची. कसरीने पाडलेली भोकं मोजायची, शाई कुठल्या ओळीपासून फिकट झाली ते मोजायची, आणि भिंगात डोळा घालून तासन्‌तास बसायची. सर येता-जाता विचारायचे, "काय गं, भोकं संपली का?" ती म्हणायची, "सर, भोकं खोटं बोलत नाहीत." विभागात तेव्हा हसणं होतं. सरांना आठवत होतं की आपणही हसत होतो, आणि आता हे आठवताना हसण्याचा आवाज आठवत नव्हता, नुसते दात दिसत होते.

मग तिने शेवटचं प्रकरण आणून दिलं. जाड पुठ्ठ्याची निळी फाईल, दोनशे दहा पानं. सरांनी त्याच दुपारी पहिलं पान उघडलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की सरांच्या पोथीतला तो समाप्तिलेख, शब्दाला शब्द, आणखी अठरा पोथ्यांत सापडतो. गारठलेले हात, संपत आलेलं तेल, हसू नका, सगळं. नकलकार पुष्कळदा आधीच्या नकलकाराचा समाप्तिलेखही पोथीचाच भाग समजून उतरवतात, ही या शास्त्रातली पहिल्या इयत्तेची गोष्ट. सरांना ती ठाऊक होती. ते स्वतः ती दर जूनमध्ये नव्या मुलांना शिकवत. फक्त आपल्या माणसाच्या बाबतीत ती विसरायची त्यांनी स्वतःला परवानगी दिली होती. म्हणजे कोणी गारठलं नव्हतं. भर उन्हाळ्यात, पोटभर जेवून, एखाद्या गुबगुबीत कारकुनाने ते चार शब्द पुढे ढकलले होते. त्याला खोकला नव्हता. सरांनी फाईल बंद केली. त्या वेळी बोटांच्या पेरांत जी थंडी शिरली ती अजून गेली नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही.

"वाचतोय," ते तिला म्हणाले. पुढच्या महिन्यात म्हणाले, "वाचतोय, जरा बारकाईने." मग परीक्षा आल्या, मग सुट्टी आली, मग मान धरली. ती दर पंधरवड्याला दारात यायची, आत यायची नाही, चौकटीला खांदा लावून उभी राहायची. चौदा महिने. तिची शिष्यवृत्ती संपली, नोंदणीची मुदत संपली, मुदतवाढीच्या अर्जावर सरांची सही लागत होती, आणि अर्जात एक रकाना होता: मार्गदर्शकाने प्रकरण वाचले आहे काय? सर खोटं कसं लिहिणार? म्हणून त्यांनी अर्जच ठेवून घेतला. शेवटच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "सर, निदान चुका तरी दाखवा." सर म्हणाले, "घाई कसली आहे?" ती गेली. त्या डिसेंबरात जपानहून नेहमीचा फॉर्म आला. संशोधक विद्यार्थी किती, विषय काय, सद्यस्थिती काय. तिथे शून्य लिहायला त्यांचा हात धजेना. रकान्याच्या कडेला एक सोयीस्कर चौकट होती: मागील वर्षाप्रमाणे. सरांनी तिथे खूण केली. दुसऱ्या वर्षी केली. अकरा वर्षं केली. अकरा वर्षं चाललेल्या प्रबंधाची तिकडे कोणालाही शंका आली नाही. संशोधनाला वेळ लागतो याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. इतर देशांतले बाकीचे प्राध्यापक निवृत्त झाले, वारले, यंत्रमानवांकडे वळले. प्रवाह आटत आटत गेला आणि तळाशी फक्त सरांची ही खूण उरली.

मंगळवारी त्यांनी जुन्या वहीतून तिचा नंबर काढला. बायको दारात उभी राहून पाहत होती. "अहो, काय झालंय? रंग उतरलाय तुमचा." सरांनी सांगितलं. सगळं नाही, निम्मं. निम्मं सांगितलं की पुरतं, कारण उरलेलं निम्मं तिला आधीच माहीत असतं. ती आत गेली, अभ्यासाच्या खोलीत संगणकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हीच ना ती?" संगणकाचा पडदा निळ्या फाईलवर उभा होता. मान दुखते म्हणून डॉक्टरांनी पडदा डोळ्यांच्या रेषेत आणायला सांगितलं होतं, आणि दोनशे दहा पानांनी तो अगदी बरोबर आला होता. अकरा वर्षं सर रोज त्या फाईलकडे पाहत होते, फक्त दोन बोटं वर. "मी पुसते ना धूळ रोज," बायको म्हणाली. "कडेला नाव आहे तिचं. मला वाटायचं, विचारू. मग वाटायचं, तुम्ही सांगाल."

त्या नंबरावर तिच्या घरच्यांनी पत्ता सांगितला, आणि बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते तिच्या कचेरीत गेले. जपानी यंत्रं विकणारी कंपनी होती, इस्पितळांना लागणारी, आणि त्या यंत्रांची माहितीपुस्तकं ती भाषांतरित करत असे. तळमजल्यावर पाहुण्यांनी बसायच्या जागेत गार हवा सोडली होती आणि सरांनी हात बगलेत धरले. ती आली तेव्हा त्यांनी आधी ओळखलीच नाही. कपाळावर चष्मा, गळ्यात ओळखपत्र, चाल भरभर. मग ती आत यायची थांबली आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून उभी राहिली, आणि त्यांनी ओळखली.

"सर! तुम्ही? बसा ना, उभे का? घरी काकू बऱ्या आहेत? मान काय म्हणते?"

"मान बरी आहे," सर म्हणाले, आणि ती का बरी आहे हे आठवून त्यांना घाम फुटला. मग त्यांनी सांगितलं. अहवाल, ठिपका, गुरुवार. बोलता बोलता ते फार लवकर शेवटाला आले. "एक तास. नुसतं येऊन बसायचं. तुझं काम चालू आहे, एवढंच म्हणायचं."

तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून त्यांच्याकडे पाहिलं. मग हसायला लागली. खरंखुरं, पोटातून. पलीकडचा पहारेकरी वळून पाहू लागला. "म्हणजे मी अजून शिकतेय? अकरा वर्षं? सर, माझं लग्न झालं, पोरगी तिसरीत गेली, पित्ताशय काढलं, आणि तिकडे मी अजून भोकंच मोजतेय?" तिने डोळे पुसले. "आणि जगात दुसरं कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"अरेरे," ती म्हणाली, आणि ते सरांसाठी नव्हतं.

"तू रागावली असशील," सर म्हणाले.

"होते, बरीच वर्षं. मग कंटाळा आला." तिने घड्याळ पाहिलं. "वाचलंत का?"

"हो."

"किती पोथ्या होत्या?"

"एकोणीस. माझी धरून."

"ते पहिल्या पानावर आहे, सर. शेवटच्या पानावर काय आहे?"

गार हवेचा झोत आढ्यातून सरळ सरांच्या डोक्यावर पडत होता. त्यांना वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, आणि जे बोलू ते 'वाचतोय' असेल. तिने मान हलवली, लहान मुलाचा पाढा चुकल्यावर हलवावी तशी. "मी चौदा महिने दारात कशाला उभी राहत होते? सांगायलाच येत होते. पण तुम्ही म्हणायचात वाचतोय. वाचत असलेल्या माणसाला शेवट सांगू नये, एवढी रीतभात मला होती." मग ती एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "मी येणार नाही, सर. उद्या अकराला इथे नव्या यंत्राची मंडळी येणार आहेत. आणि नसती आली, तरी आले नसते. या हं. हात फार गार आहेत तुमचे, डॉक्टरांना दाखवा." हात कधी हातात घेतला होता तिने, हेही सरांच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. त्यांनी पडदा दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि फाईल ओढून घेतली. पुठ्ठ्यावर पडद्याच्या पायाचा चौकोन उमटला होता. ते खिडकीशी बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. चाळीस पानांपर्यंत ते शिक्षा भोगावी तसे वाचत होते. त्यानंतर विसरले. ती एकेका पोथीची भोकं मोजत, शाई मोजत, अठरांतल्या प्रत्येकीची आई शोधत मागे मागे चालली होती. कोणती कोणावरून उतरवली, कोणाची चूक कोणाकडे गेली. आणि दोनशेव्या पानावर सगळ्या वाटा एका दारात येऊन थांबल्या. ते दार सरांच्या पोथीचं होतं. त्या पोथीत 'हात' या शब्दापुढे शाईचा एक थेंब पडलेला होता. कागदात भिनलेला, कडा फुटलेल्या. सरांनी तो हजारदा पाहिला होता आणि डाग म्हणून सोडून दिला होता. बाकीच्या अठरा पोथ्यांत त्याच जागी एक ठिपका होता. थेंब नव्हे, कुंचल्याच्या टोकाने नीट काढलेला, गोल, सुबक ठिपका. अठराजणांनी एका माणसाचा थरथरता थेंब मोठ्या निष्ठेने उतरवून घेतला होता. म्हणजे नक्कल त्यांची. मूळ हा. तिने शेवटच्या पानावर लिहिलं होतं की या क्षेत्रात ज्याला सारे भाबडेपणा म्हणत आले, ते सरांचं अनुमान पुराव्याने खरं ठरतं: तो माणूस होता, तो हिवाळा होता, आणि त्याचे हात खरोखरच गारठले होते. खोकल्याविषयी मात्र काही सांगता येत नाही. त्याखाली, सर्वांत शेवटी, पेन्सिलीने लिहिलं होतं: चुका असतील त्या माझ्या. सरांनी दाखवाव्यात.

बायको चहा घेऊन आली तेव्हा सर खिडकीबाहेर पाहत होते. "काय लिहिलंय?" तिने विचारलं. सरांनी दोनदा तोंड उघडलं. "माझंच खरं होतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा निघाला की बायकोने कप तिथेच जमिनीवर ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगत होती, पडत होती, पुन्हा फुगत होती. सरांना वाटलं, आपण त्या माणसाचा हात पाचशे वर्षांपलीकडून धरला आणि या दारातल्या पोरीचा, चार पावलांवरचा, धरला नाही. मग त्यांना हे वाक्य छान जमलंय असं वाटलं, आणि त्या वाटण्याची त्यांना शिसारी आली.

गुरुवारी पावणेअकराला ते विभागाच्या कार्यालयात बसले होते. जपानहून आलेले दोघं पलीकडच्या खोलीत चहा घेत होते. बाईंचा हसरा, घाईचा आवाज भिंतीतून येत होता. कारकून, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, संगणकासमोर या वर्षीचा कोरा तक्ता उघडून बसले होते. हाताने भरलेल्या मूळ फॉर्मशिवाय अण्णा एक अक्षर टंकत नसत, आणि मूळ फॉर्म शाईच्या पेनानेच भरायचा हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम होता. सरांनी पेन उघडलं. मागील वर्षाप्रमाणेची चौकट रिकामी होती, आणि तिच्याकडे पाहताना त्यांचा हात सवयीने तिकडेच वळू लागला. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरला. मग विद्यार्थिसंख्येच्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं. बोटं आखडली होती, शून्य वाकडं आलं. शेऱ्याच्या जागेत त्यांनी तिचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, सुटसुटीत अक्षरात, आणि खाली लिहिलं: हिने बारा वर्षांपूर्वी काम पुरं केलं. ते मी वाचलं नाही. त्यानंतरचे सगळे फॉर्म ही नक्कल होती. चुका माझ्या. प्रकरण सोबत जोडलं आहे, ते तिच्या नावाने छापावं.

बाई आत आल्या. "सर, ती आली का? ते विचारताहेत." सरांनी फॉर्म पुढे केला. बाईंनी वाचला, पुन्हा वाचला, आणि दाराशी ठेवलेल्या लोखंडी खुर्चीवर हळूच बसल्या. "हे उद्या पाठवलं तर नाही का चालणार?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "नुसता आजचा दिवस. मी त्यांना सांगते, ती आजारी आहे."

"बाई, उद्या मी पुन्हा खूण करीन."

"पण मग शून्य होईल ना हो. सगळ्या जगात शून्य."

"शून्यच आहे. अकरा वर्षं झाली."

"आणि माझी ती दोन हंगामी पोरं? जूनपासून नमस्कार शिकवत बसायचं त्यांनी?" बाई रडत नव्हत्या, फक्त साडीचा पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. सरांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना वाटलं होतं की खरं लिहिल्यावर निदान हात तरी गरम होतील. तसं काही झालं नाही. बाई उठल्या, आरशात न पाहता केस सारखे केले आणि पाहुण्यांच्या खोलीकडे गेल्या. भिंतीपलीकडचा हसरा आवाज या वेळी आला नाही.

"द्या," अण्णा म्हणाले. त्यांनी फॉर्म समोर धरला आणि एका बोटाने टंकायला सुरुवात केली. विषय, मार्गदर्शक, सद्यस्थिती. मग ते थांबले, चष्मा पुसला, कागद उजेडात धरला.

"सर, शून्यापुढे एक ठिपका दिसतोय. तोही उतरवून घेऊ का?"

सर वाकले. थेंब कधी पडला ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी करंगळीचं नख त्याच्याखाली घातलं. शाई अजून ओली होती.